'आग्वा' म्हणजे पाणी, आणि बाकी बरंच काही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावातून मी रोज रात्री आठ वाजता, लाइन असली तर, फोनवरून स्पॅनिश शिकवते. शिकणारी पोरंपोरी दर्यापूर, आर्वी, ब्रह्मपुरी अशी कुठकुठली. पहिल्या आठवड्यात भेटणारा आणि तिसऱ्या वर्षीही चकवणारा शब्द कोणता, तर 'आग्वा'. त्यावर इतके प्रश्न येतात, आणि तेच ते येतात, की एकदाचे सगळे इथं मांडून ठेवले. प्रश्न ज्यानं जसे पाठवले तसेच जवळपास ठेवलेत. स्पॅनिश शब्द नागरीत लिहिले आहेत. त्या भाषेत 'ब' आणि 'व' ही अक्षरं दोन असली तरी उच्चार एकच, म्हणून इथं दोन्हींसाठी 'ब'च दिसेल.

१. 'आग्वा' म्हणजे नुसतं पाणीच ना?

मुळात हो. प्यायचं, विहिरीचं, नदीचं, पावसाचं, सगळं 'आग्वा'. 'आग्वा दे पोसो' म्हणजे विहिरीचं पाणी, 'आग्वा दे युबिया' म्हणजे पावसाचं. शब्द लॅटिन 'आक्वा'तून आला. पण हाच शब्द अनेकवचनात गेला की घराच्या छपरापासून बाळंतपणापर्यंत कुठंही निघतो (प्रश्न १० आणि १२). त्यामुळे शब्दकोशातला पहिला अर्थ पाठ करून पुढं पळू नका.

२. उच्चार 'अगुआ' करायचा की 'आग्वा'?

'आग्वा'. दोनच ठोके: आ, ग्वा. पहिल्यावर जोर. अक्षरं मात्र चार आहेत आणि त्यांची स्पॅनिश नावं आ, खे, ऊ, आ. ती सुटी सुटी वाचली की 'अगुआ' होतं आणि हिंदीतला पुढारी दारात उभा राहतो.

मधला 'ग' आपल्या 'गाय'मधल्या 'ग'सारखा ठोकून म्हणायचा नाही. जीभ मागं टेकता टेकता राहिली पाहिजे, घशातून वारा निसटला पाहिजे. पंधरा दिवसांत जमतं.

लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'ग' आणि 'उ' यांच्यापुढं 'ए' किंवा 'इ' आला की तो 'उ' मुका होतो. युद्धाला 'गेर्रा' म्हणतात, 'ग्वेर्रा' नाही. मग 'ग्वे', 'ग्वि' म्हणायचंच असेल तर? 'उ'च्या डोक्यावर दोन टिंबं द्यायची. मोरीचं पाणी जाण्याची वाट म्हणजे 'देसाग्वे', तिथं टिंबं लागतात. 'आग्वा'ला लागत नाहीत.

३. शेवटी 'आ' हाये, मंग 'ला आग्वा' पाहिजे ना जी? 'एल आग्वा' काऊन?

शंभरातले नव्वद प्रश्न हाच. स्पॅनिशमध्ये नामाच्या आधी, इंग्रजीतल्या 'द'सारखं, पुल्लिंगाला 'एल' आणि स्त्रीलिंगाला 'ला' लागतं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी 'एल आग्वा' पुढ्यात येऊन पडतं. पोट्ट्यांना वाटतं, मॅडमचीच चूक.

आधी हे पक्कं करा की 'आग्वा' स्त्रीलिंगीच आहे, कालही होती, आजही आहे. फक्त एकवचनात, अगदी तिला चिकटून आलं तर, 'ला'च्या जागी 'एल' येतं. कारण उच्चाराचं. शब्दाची सुरुवात जोर दिलेल्या 'आ'नं होत असेल तर 'ला आग्वा' म्हणताना दोन 'आ' एकमेकांवर आदळतात.

मी वर्गात दंडारीचं, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याचं, उदाहरण देते. झाडीपट्टीत बाईचं काम बाप्या करायचा, लुगडं नेसून. लुगडं पाहून कोणी त्याला बाई समजलं नाही. इथं उलटं आहे: वर धोतर, आत बाई.

आणि खोलात गेलात तर ते धोतरही नाही. लॅटिनमध्ये 'ती' या अर्थी 'इल्ला' होतं. त्याचं जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झालं. सहसा 'एला'चा पुढचा 'ए' गळून 'ला' राहिलं, पण पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर मागचा 'आ' गळाला आणि 'एल' राहिलं. म्हणजे हे 'एल' पुल्लिंगाकडून उसनं आणलेलं नाही, स्त्रीलिंगाचंच दुसरं रूप आहे. दोघांचा चेहरा सारखा निघाला, एवढंच. हे कळलं की पुढचा सगळा गोंधळ निम्मा होतो.

अनेकवचनात भानगड नाही: 'लास आग्वास'. मध्ये 'स' आला, 'आ'ला 'आ' भिडत नाही.

४. मग विशेषण कोणतं लावायचं? 'एल आग्वा फ्रिओ' बरोबर वाटतं.

वाटतं, पण चूक आहे. 'एल आग्वा फ्रिआ', थंड पाणी. विशेषण स्त्रीलिंगीच.

खरी अडचण विशेषण शब्दाच्या आधी आलं की होते. 'हे पाणी' म्हणजे 'एस्ता आग्वा', 'एस्ते आग्वा' नाही. 'खूप पाणी' म्हणजे 'मुचा आग्वा'. 'थोडं पाणी' म्हणजे 'पोका आग्वा'. 'तेच पाणी' म्हणजे 'ला मिस्मा आग्वा', बघा, मध्ये शब्द आला आणि 'ला' परत आलं, कारण आता 'आ'ला 'आ' चिकटत नाही. आणि 'सगळं पाणी' म्हणजे 'तोदा एल आग्वा': एकाच तोंडात 'तोदा' स्त्रीलिंगी आणि 'एल'. विचित्र दिसतं, पण प्रश्न ३ वाचला असेल तर अडायचं कारण नाही.

'एक' या अर्थी मात्र 'उना'ऐवजी 'उन आग्वा' म्हणायची रीत आहे.

यात एक दिलासा. 'एस्ते आग्वा' ही चूक जन्मापासून स्पॅनिश बोलणारेही सर्रास करतात, बातम्यांतही ऐकू येते. तुम्ही केली म्हणून कमीपणा नाही, पण परीक्षेत गुण जातील. बरोबर रूप लक्षात राहायला त्यांचीच एक म्हण पाठ करा: 'नुंका दिगास दे एस्ता आग्वा नो बेबेरे', म्हणजे 'हे पाणी मी पिणार नाही असं कधी म्हणू नकोस'. आज नावं ठेवशील ते उद्या तुझ्यावरच यायचं, असा भाव. म्हणीतच 'एस्ता' आहे, आणि म्हण पाठ झाली की जीभ आपोआप बरोबर वळते.

५. पाण्याचा उल्लेख पुन्हा करायचा असेल तर 'लो' की 'ला'?

'ला'. इथं 'लो' म्हणजे पुल्लिंगी सर्वनाम आणि 'ला' स्त्रीलिंगी, आणि सर्वनामाला प्रश्न ३ मधल्या धोतराशी काही देणंघेणं नाही. 'पाणी कुठंय? मी ते फ्रीजमध्ये ठेवलं' यातलं 'ते' म्हणजे 'ला'. मराठीत पाणी नपुंसकलिंगी, म्हणून आपला हात 'लो'कडं जातो. स्पॅनिशमध्ये नामांना तिसरं लिंगच नाही, त्यामुळे 'ते' या शब्दाचं भाषांतर करत बसू नका. आधी नाम आठवा, मग सर्वनाम.

६. हा 'एल'चा नियम आणखी कुठं कुठं लागतो?

जोरदार 'आ'नं सुरू होणाऱ्या सगळ्या स्त्रीलिंगी नामांना. नेहमीची चार: 'आल्मा' (जीव, आत्मा), 'आगिला' (गरुड), 'आंब्रे' (भूक), 'आचा' (कुऱ्हाड). शेवटच्या दोघींच्या सुरुवातीला लिहिताना 'ह'चं अक्षर आहे, पण स्पॅनिशमध्ये ते मुकं असतं, म्हणून नियम लागतो. 'खूप भूक लागली' मात्र 'मुचा आंब्रे'च, कारण प्रश्न ४.

जोर पहिल्या अक्षरावर नसेल तर नियम नाही. 'आमिगा' (मैत्रीण), 'आरेना' (वाळू), 'आरिना' (पीठ) यांत जोर पुढं आहे, म्हणून 'ला आमिगा', 'ला आरेना', 'ला आरिना'.

आता अपवाद, हे फार कमी पुस्तकांत एका जागी मिळतात. अक्षरांच्या नावांना 'ला'च: 'ला आ', 'ला आचे' ('आचे' हे त्या मुक्या 'ह'च्या अक्षराचं नाव). हेग शहराचं स्पॅनिश नाव 'ला आया', तिथं 'ला' नावाचाच भाग आहे. अरब बाईला 'ला आराबे', कारण 'आराबे' पुरुषालाही तेच, 'एल' लावलं तर बाई की बाप्या कळणारच नाही. आणि नियम फक्त नामांना आहे. 'उंच बुरूज' हे 'ला आल्ता तोर्रे', कारण 'आल्ता' विशेषण आहे.

७. 'आग्विता' ऐकलं. ते 'एल' की 'ला'?

'आग्विता' म्हणजे लाडानं पाणी, आपण 'पाणी-बिणी घ्या' म्हणतो त्या सुरात. यात जोर 'ग्वि'वर गेला, म्हणून नियमानं 'ला आग्विता'. बोलण्यात 'एल आग्विता'ही ऐकाल. लिहिताना 'ला' लिहा. दोन टिंबं विसरू नका.

८. 'मले पाणी पाहिजे' म्हणायचं तर 'एल' लावायचं का? अन् हॉटेलात काय मागायचं?

पाणी पाहिजे, कोणतंही, तर काहीच लावायचं नाही: 'किएरो आग्वा'. ठरावीक पाणी असेल, जसं माठातलं, टेबलावरचं, तेव्हा 'एल आग्वा'. मराठीत आपण हा फरक शब्दानं दाखवत नाही, म्हणून सुरुवातीला सगळीकडं 'एल' पेरलं जातं. तहान लागली म्हणायला 'पाणी' शब्द लागतच नाही: 'तेंगो सेद', माझ्याकडं तहान आहे. एक पेला पाणी म्हणजे 'उन बासो दे आग्वा'.

हॉटेलात 'उन आग्वा' म्हटलं की पाण्याची बाटली येते आणि बिलात लागते. नळाचं हवं तर 'आग्वा देल ग्रिफो' सांगा. स्पेनमध्ये २०२२ च्या कचऱ्यासंबंधीच्या कायद्यानं हॉटेलांना हे पाणी फुकट देणं बंधनकारक केलंय. 'कोन गास' म्हणजे सोड्याचं, 'सिन गास' म्हणजे साधं. फ्रीजमधलं नको असेल तर 'देल तिएंपो', हवेच्या मानानं जसं असेल तसं. आपल्याकडं मे महिन्यात असं पाणी मागितलं तर चहाच टाकावा लागेल.

माठाचा प्रश्न दरवेळी कोणीतरी काढतंच. माठासारखं भांडं तिकडं आहे, त्याला 'बोतिखो' म्हणतात. पोट मोठं, वर कडी, एका बाजूला बारीक तोटी. भाजलेल्या सच्छिद्र मातीतून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं गार होतं. तंत्र आपलंच, फक्त पिताना तोटीची धार लांबून तोंडात सोडतात. आमच्या आजीनं चित्र पाहून विचारलं, 'अन् वाटी नाई ठेवत का वर?'

मेक्सिकोत मात्र 'आग्वा' मागताना सावध राहा. तिथं खानावळीत 'आग्वा' म्हणजे बरेचदा सरबत. चिंचेचं असेल तर 'आग्वा दे तामारिंदो'. 'आग्वा दे खामाइका' तर आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, तेच झाड, तोच आंबटपणा, तोच लाल रंग. साधं पाणी हवं तर 'आग्वा सिंप्ले' म्हणा.

९. आमच्याकडं खारपाणपट्टा हाये. गोड्या पाण्याले, खाऱ्या पाण्याले काय म्हणावं? अन् जड पाण्याले? ओलिताचे शब्दही सांगा.

दर्यापूरकडच्या पोरीनं विचारलं होतं. पूर्णा खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यात गोड पाणी हा चैनीचा शब्द नाही, रोजचा आहे. स्पॅनिशमध्येही पिण्याजोग्या नदी-तळ्याच्या पाण्याला 'आग्वा दुल्से'च म्हणतात, शब्दशः गोड पाणी. समुद्राचं ते 'आग्वा सालादा'. आणि खारपाणपट्ट्यातलं ना धड गोड ना समुद्राइतकं खारट, ते 'आग्वा सालोब्रे'. तुमच्या विहिरीसाठी हाच शब्द.

'जड' पाण्याला मी स्वतः तोंडावर पडलेय. एका कंपनीसाठी ठिबकच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करत होते. 'जड पाण्यामुळं नळीची भोकं बुजतात' असं वाक्य होतं. मी बेधडक 'आग्वा पेसादा' लिहिलं, 'पेसादा' म्हणजे वजनानं जड. दोन दिवसांनी तिकडून निरोप आला: तुमच्याकडं संत्र्याला अणुभट्टीचं पाणी देतात का? 'आग्वा पेसादा' म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी. ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते क्षाराचं पाणी म्हणजे 'आग्वा दुरा', कडक पाणी. मराठीत दोन्ही 'जड', तिथं दोन शब्द. त्या दिवसापासून मी विशेषणं कधी अंदाजानं लिहिली नाहीत.

ओलिताचं: कोरडवाहू शेती म्हणजे 'सेकानो', ओलिताची 'रेगादिओ'. मेक्सिकोत कोरडवाहूला 'तेंपोराल' म्हणतात. पाट, दांड म्हणजे 'आसेकिया', आणि हा शब्द स्पॅनिशनं अरबीतून घेतला. पाणीवाटपाचे कितीतरी शब्द असे अरबीतून आलेत, कारण स्पेनमधले पाट अरब काळात फार वाढले.

हे सांगितल्यावर 'पाण्यावरून तिथंही भांडतात का?' असं हमखास विचारतात. भांडतात, आणि त्यासाठी बालेन्सिया शहरात खास न्यायालय आहे: 'त्रिबुनाल दे लास आग्वास'. दर गुरुवारी भर दुपारी बारा वाजता, तिथल्या कॅथेड्रलच्या एका दारापुढं, पाटावरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच न्यायाधीश म्हणून बसतात. कामकाज तोंडी चालतं. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. बालेन्सिया हे आपल्या वरुड-मोर्शीसारखं संत्र्याचं गाव, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात, आणि तो शब्द संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीच्या वाटेनं तिकडं पोचून झालेला आहे.

टँकर राहिला. 'कामिओन सिस्तेर्ना', आणि मेक्सिकोत 'पिपा'.

१०. पाण्याचं अनेकवचन कशाला लागतं? पाणी मोजतात का?

मोजत नाहीत, पण 'आग्वास' झालं की अर्थ बदलतो. सांडपाणी हे 'आग्वास रेसिदुआलेस', भूजल 'आग्वास सुब्तेर्रानेआस'. नदीच्या वरच्या अंगाला 'आग्वास आर्रिबा', खालच्या अंगाला 'आग्वास आबाखो'. मेक्सिकोकडं पावसाळ्यालाही 'लास आग्वास' म्हणतात, आपण 'पाण्याचे दिवस' म्हणतो तसं.

मला आवडतो तो छपराचा अर्थ. छपराचं एक पाखं म्हणजे एक 'आग्वा', कारण पाणी तिकडून उतरतं. कवेलूचं दुपाखी घर म्हणजे 'आ दोस आग्वास', चौपाखी असेल तर 'आ कुआत्रो आग्वास'. आमचं जुनं घर 'आ दोस आग्वास' होतं. माकडं नाचली की पावसाळ्यात आतही 'आग्वास' असायचं, ते वेगळं.

रत्नांची, कापडाची झळाळी हीसुद्धा 'आग्वास'. मोत्याचं पाणी म्हणतो ना आपण, तेच.

११. मेक्सिकन मालिकेत रस्त्यावर कोणी तरी 'आग्वास!' ओरडलं. पाणी कुठं होतं?

पाणी नव्हतं. मेक्सिकोत 'आग्वास!' म्हणजे 'सांभाळ!', 'हट!'. जुन्या काळी वरच्या खिडकीतून खरकटं, घाण पाणी रस्त्यावर फेकायचे, तेव्हा खालच्यांना सावध करायला स्पेनमध्ये 'आग्वा बा!' ओरडायचे, म्हणजे 'पाणी येतंय!'. मेक्सिकोतलं 'आग्वास' त्यातूनच आलं असं बहुतेक लोक सांगतात. स्पेनमध्ये आजही 'सिन देसिर आग्वा बा' म्हणजे काही न सांगता-सवरता, एकदम. हा शब्द मेक्सिकोबाहेर वापरू नका, लोक छत्री शोधतील.

१२. मी नर्सिंग करते. दवाखान्यात 'आग्वास' कशाकशाला म्हणतात?

दोन गोष्टींना. बाळंतपणात पाणमोट फुटली की स्पेनमध्ये 'रोंपेर आग्वास' म्हणतात. कोलंबिया, मेक्सिको अशा अनेक देशांत तिथं 'आग्वास' नसतं, 'फुएंते' असतं, म्हणजे झरा. पेशंट कुठली आहे हे आधी विचारा.

दुसरी: 'आग्वास मेनोरेस' म्हणजे लघवी, 'आग्वास मायोरेस' म्हणजे संडास. शब्दशः लहान पाणी, मोठं पाणी. आपण लघुशंका आणि दीर्घशंका म्हणतो, लाजेची रीत दोन्हीकडं अगदी एक निघाली! शब्द जुन्या वळणाचे आहेत, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकाल.

जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे 'आग्वा ओक्सिखेनादा'. हे प्यायचं नाही, एवढं 'आग्वा' शब्दाला भुलू नका.

१३. 'आसेर आग्वा' आणि 'आसेर आग्वास' एकच का?

'आसेर आग्वा' म्हणजे नावेत पाणी शिरणं, आणि त्यावरून बेत फसायला लागणं, युक्तिवाद गळायला लागणं. पतसंस्था बुडीत निघायला लागली तर 'आसे आग्वा' म्हणता येईल. अनेकवचन घेतलं तर प्रश्न १२ मधल्या 'आग्वास मेनोरेस'ची आठवण होते. नावेच्या अर्थानं अनेकवचन लिहिणारेही पुष्कळ आहेत, पण शिकणाऱ्यानं एकवचनातच राहावं. विषय पतसंस्थेचा, हशा भलत्याच कारणानं, असं होऊ नये.

१४. 'तोंडाला पाणी सुटलं' याले स्पॅनिशमध्ये काही हाये का? बाकीचे पाण्याचे वाक्प्रचार कसे म्हणायचे?

हे जसंच्या तसं आहे. 'से मे आसे ला बोका आग्वा': माझं तोंडच पाणी होतंय. लॅटिन अमेरिकेत शेवटचे शब्द उलटे, 'से मे आसे आग्वा ला बोका'. सावजीच्या रश्श्याचा वास आला की बिनधास्त वापरा.

संकट गळ्याशी आलं हेही जुळतं: 'कोन एल आग्वा आल कुएयो', गळ्यापर्यंत पाणी. 'आग्वा पासादा नो मुएबे मोलिनो', वाहून गेलेलं पाणी चक्की फिरवत नाही, म्हणजे आपलं 'झालं गेलं गंगेला मिळालं'. दोन्हीकडं पाणीच.

काही ठिकाणी अर्थ तोच, पाणी मात्र आटतं. 'येबार एल आग्वा आ सु मोलिनो', पाणी आपल्या चक्कीकडं वळवणं: मराठीत आपल्या पोळीवर तूप ओढणं. 'कोमो दोस गोतास दे आग्वा', पाण्याच्या दोन थेंबांसारखे: एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं. 'आग्वा के नो आस दे बेबेर, देखाला कोर्रेर', प्यायचं नाही ते पाणी वाहू दे: ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट कशाला विचारायची. 'कुआंदो एल र्रिओ सुएना, आग्वा येबा', नदी वाजतेय तर पाणी असणारच: आपण इथं धूर पाहून विस्तव ओळखतो.

आता उलट बाजू. आपले वाक्प्रचार शब्दशः नेऊ नका. 'पाण्यात पाहतो' हे कोणालाही कळणार नाही. तिकडं एखाद्याचं तोंड 'चित्रातसुद्धा' बघवत नाही, 'नि एन पिंतुरा'. 'इथं काहीतरी पाणी मुरतंय' याला त्यांच्याकडं मांजर कोंडलेलं असतं, 'आय गातो एंसेर्रादो'. 'पाणी पाजलं' म्हणजे हरवलं असं त्यांना वाटणार नाही, पाणी पाजलं तर ते आभार मानतील.

१५. 'कोमो आग्वा दे मायो' म्हणजे मे महिन्याच्या पाण्यासारखं. मे महिन्यात कुठलं पाणी?

हा प्रश्न विदर्भातूनच येऊ शकतो. अर्थ असा: अगदी हव्या त्या वेळी आलेलं, डोळ्यात प्राण आणून वाट पाहिलेलं. स्पेनमध्ये मे म्हणजे वसंत, गहू ओंबीवर आलेला, तेव्हाची सर पिकाला सोन्यासारखी. आपल्याकडं त्याच मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढं, जमिनीला भेगा, विहिरीत गाळ, आणि पाऊस आलाच तर वादळी, आंबे झोडपणारा.

म्हणून भाषांतर करताना 'मे' सोडून द्यावा लागतो. मी 'मृगाच्या पावसासारखं' लिहिते. ७ जूनच्या आसपास मृग लागतं, पराटीचं बियाणं घरात येऊन पडलेलं असतं आणि नजर सारखी वर. एका विद्यार्थ्यानं विचारलं, मृग कोरडा गेला तर? तर तो स्पेनवाल्यांच्या मे महिन्याचाही होतो. मूळ वाक्यातल्या माणसाला पाण्याची वाट आहे, महिना त्याचा त्याचा.

१६. 'आग्वा'नं सुरू होणारे सगळे शब्द पाण्याचेच का?

नाही, आणि इथं भल्याभल्यांची विकेट पडते.

घरचे आधी. 'आग्वासेरो' म्हणजे धो-धो सर. छत्री 'पाराग्वास', पाण्याला थांबवणारी. ती स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, आणि एक असो की दहा, शब्द तोच. 'आग्वार' हे क्रियापद म्हणजे पाणी घालून पातळ करणं, विरजण घालणं. त्यावरून 'आग्वाफिएस्तास', लग्नाच्या मांडवात रुसून बसून सगळ्या रंगाचा बेरंग करणारे मामा असतात ना, ते. 'आकुआरिओ' (मत्स्यालय), 'आकुआतिको' (पाण्यातला) हेही त्याच घरचे, पण लॅटिनमधून परत नव्यानं आणलेले, म्हणून त्यांत 'ग' नाही.

आता परके. 'आग्वाकाते' म्हणजे अवोकाडो, त्याचा पाण्याशी संबंध नाही. तो मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेतून आला. 'आग्वांतार' म्हणजे सहन करणं, तेही वेगळं. सुई म्हणजे 'आगुखा', तिच्यात तर 'ग्वा'ही नाही, तरी घाईत वाचणारे तिला पाण्यात बुडवतात.

आणि 'आग्वार्दिएंते'. 'आग्वा' अधिक 'आर्दिएंते', म्हणजे जळतं पाणी: भट्टीवर गाळलेली कडक दारू. ब्रह्मपुरीच्या पोराला हा शब्द समजावून सांगायची गरज पडली नाही. तो म्हणाला, 'मॅडम, मोहाची.'